येसकराची भाकर आणि साडेसहा हजार

माझ्या धाकट्या बहिणीला साडेसहा हजार पगार आहे. बी. कॉम. झालीय, टायपिंग मराठी-इंग्रजी दोन्ही झालंय, एमएससीआयटी झालंय. मी दहावी. मी गोदीत माल ओढतो आणि तिच्या दुपटीपेक्षा जास्त कमावतो. घरात मी शिकलो नाही म्हणून माय रडायची. आता ती शिकली म्हणून काय झालं, हे मायला कुणी सांगायचं?

ती हदगावात एका ऑफिसात बसते. ऑफिस म्हणजे काय, दोन गाळे. एकात मालकाची काचेची केबिन, दुसऱ्यात तीन टेबलं, दोन कंप्युटर, कागद खाणारा एक प्रिंटर आणि भिंतीवर लक्ष्मीचा फोटो. सातबारा काढून देणं, पीकविम्याचे फॉर्म, जीएसटी, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज. माणसं चार. सकाळी दहा ते रात्री आठ. मालकाचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. असली ऑफिसं हदगावात आहेत, तामशात आहेत, नांदेडला तर गल्लोगल्ली आहेत, आणि तुम्ही हे वाचताय त्या शहरात तर त्यांची मोजदादच नाही. वकिलाचं, सीएचं, डॉक्टरच्या दवाखान्याबाहेरचं टेबल, क्लासवाल्याचं काउंटर, ट्रान्सपोर्टवाल्याची पावतीबुकं. आपली शिकलेली पोरं-पोरी तिथंच बसलेली आहेत. सरकारी लागेपर्यंत म्हणून बसतात आणि तिथंच त्यांचे केस पिकतात.

दिवाळीत गावी गेलो होतो. नंदीग्रामनं नांदेड, पुढं लाल डब्यानं हदगाव. रात्री जेवताना ती म्हणाली, दादा, म्या पगार वाढवून मागितला.

म्हणलं, मंग?

मंग काय. हसले सर. म्हणले, अगं तू तर घरचीच हाईस. घरच्यांचा का कुणी पगार मोजतं? आन् सोनपापडीचा डबा दिला.

तू काय म्हणली होतीस?

म्या म्हणलं, सर, जमलं तर बगा. लई नाही, हजार-पाचशे.

मला संताप आला. पण कुणाचा आला हे मला त्या वेळी कळलं नाही, म्हणून तो तिच्यावरच निघाला. म्हणलं, ‘जमलं तर बगा’ कामून म्हणलीस? तर ती ताटातनं मान वर न काढता म्हणाली, मंग काय म्हणू? मला सांग, काय म्हणायचं असतं?

मला सांगता आलं नाही. मी कविता करतो. व्यवस्थेला आग लावायची भाषा मला येते. पण दोन गाळ्यांच्या ऑफिसात, काचेच्या केबिनीत, खुर्ची न देणाऱ्या माणसासमोर उभं राहून ‘माझा पगार वाढवा’ हे तीन शब्द कसे बोलायचे, ते मला येत नव्हतं. परतीच्या गाडीत जनरलच्या डब्यात दाराशी बसून मी तोच विचार करत आलो, आणि हे लिहितोय तेही त्यासाठीच.

आमची आजी सांगायची. तिच्या सासऱ्याकडं येसकराची पाळी असायची. गावची राखण करायची, पाटलाचा सांगावा पोचवायचा, साऱ्याच्या वेळेला दारोदार बोलावणं करायचं, साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढं पळायचं, ढोर मेलं तर ओढायचं. दिवस नाही रात्र नाही. आणि ह्या सगळ्याचा पगार काय? खळ्यावर सुगीला जे पडेल ते, आणि रोज सांजच्याला भाकर. ती भाकर दारात जाऊन मागायची. जोहार मायबाप म्हणायचं, आणि पदरात वरून टाकतील ती घ्यायची. शिळी असेल, जळकी असेल.

आता ह्यात नीट बघा, काय केलंय ते. ती भाकर ही मजुरी होती. चोवीस तासांच्या कामाची, आगाऊ ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी. पण ती द्यायची रीत भिकेची ठेवली. काम गावानं घेतलं, हिशेब गावानं ठेवला नाही, आणि देताना दान केल्याचं पुण्यही गावानंच घेतलं. ज्यानं कमावलं त्यालाच मागत्याच्या जागी उभं केलं. माझी बहीण ‘जमलं तर बगा’ म्हणाली तेव्हा ती आजीच्या सासऱ्याच्या दारातच उभी होती. फरक इतकाच की आता दाराला काच बसवलीय.

बाबासाहेबांना हे बरोबर दिसलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचं बिल मांडलं. आपण बाबासाहेबांची पाणी आणि देवळाची लढाई पाठ करतो, चवदार तळं, काळाराम. ही पगाराची लढाई कुणी पाठ करत नाही. त्या बिलात काय होतं? वतनदार महाराला घरोघर बलुतं मागायला लागू नये, त्या बलुत्याचं रोख पैशात रूपांतर करावं, सरकारनं ते साऱ्याबरोबर वसूल करावं आणि काम करणाऱ्याला द्यावं. म्हणजे मागणारा आणि देणारा ह्यांच्यातली ती दाराची पायरीच काढून टाकायची. कामाची आणि वेळेची हद्द घालायची. ते बिल तेव्हा झालं नाही. बलुतं खाणाऱ्या आपल्याही काही लोकांना ते पटलं नव्हतं, हे खोटं कशाला बोलायचं. हाडकी-हाडवळा सुटेल म्हणून आपलीच माणसं भ्याली. मुंबई राज्यात हलक्या गावकामगार वतनांचा निकाल लागायला १९५८ चा कायदा यावा लागला.

वतन गेलं आणि कोतवाल आला. कोतवालाला पगार नाही, मानधन. शब्द बघा किती गोड. मान आणि धन. दोन्ही नसतं तेव्हा हा शब्द वापरतात. कोतवालाला मानधन, अंगणवाडीच्या बाईला मानधन, आशाताईला मानधन. ग्रामपंचायतीत कंप्युटरवर बसलेल्या पोराला मानधन. त्या पोरांचं तर असं होतं की ग्रामपंचायतीच्या खात्यातनं महिन्याला बारा हजारांवर रक्कम जायची आणि पोराच्या हातात सहा-सात हजार टेकायचे, तेही महिनोन्‌महिने थकून. मधले कुठं गेले? मधे कंपनी होती. आझाद मैदानात ती पोरं कितीदा येऊन बसली. मी पाळी संपवून एकदा भेटायला गेलो होतो. त्यातली दोन नांदेड जिल्ह्यातली निघाली, एकाच्या पायात चप्पल नव्हती, मोर्च्यात तुटली म्हणाला.

पण ह्यातून एक गोष्ट कळते, ती अशी की जे एकत्र बसले त्यांचं काहीतरी वाढलं. कोतवालांचं मानधन २०२३ साली पंधरा हजार झालं. अंगणवाडी सेविकेचं त्याच साली आठ हजार तीनशे पंचवीसवरून दहा हजार झालं, आणि ते पुरत नाही म्हणून वर्षाच्या शेवटी त्या परत संपावर गेल्या. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी द्या असं सांगितलं. तिथं सरकारी वकिलांचं म्हणणं काय होतं? ह्या बाया नोकर नाहीतच, ह्यांना मानधन मिळतं, वेतन नव्हे. कोर्टानं ते ऐकलं नाही. मानधन म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, कामाबद्दल दिलं ते वेतन. शब्दाच्या आड लपता येत नाही एवढं तरी ठरलं.

माझ्या बहिणीच्या ऑफिसात मात्र माणसं चार. चौघांचा मोर्चा काय निघणार? चौघांतला एक मालकाचा भाचा. म्हणून तिच्याकडं मोर्चा नाही, ‘जमलं तर बगा’ आहे.

आता जरा हिशेब करू. कवितेपेक्षा हिशेब अवघड असतो, पण करू.

साडेसहा हजार भागिले सव्वीस दिवस, रोज अडीचशे रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. म्हणजे पैनगंगेच्या काठावर बांध घालणाऱ्या बाईला बी. कॉम. झालेल्या पोरीपेक्षा रोजचे बासष्ट रुपये जास्त ठरवून दिलेले. मला त्या बाईचा हेवा नाही, तिला ३१२ सुद्धा कमीच आहेत, आणि तेही वेळेवर मिळत नाहीत हे ठाऊक आहे. पण तिचा आकडा निदान छापून येतो. वर्षाला बदलतो. २०२१-२२ साली तो २४८ होता. त्याच साली माझी बहीण साडेपाच हजारांवर लागली, म्हणजे रोजचे दोनशे अकरा. तेव्हापासून मातीकामाचा रोज चौसष्ट रुपयांनी वाढला आणि हिचा अडतीस-एकोणचाळीस रुपयांनी. दहावी नापास झालं तर माती उचलावी लागेल म्हणून मास्तर छडी मारायचे. मास्तर, तुम्हाला हिशेब येत नव्हता.

मालकाची बाजू मी ऐकलीय. गाळ्याचं भाडं, लाईट बिल, नेट, सिझन असला तरच धंदा. खरं आहे. छोटा माणूस आहे, टाटा-बिर्ला नाही. पण मग सिझनचंच बघू. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा आणि फॉर्म भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागं चाळीस रुपये ठरलेले. तो सगळा जुलै माझी बहीण रात्री अकरापर्यंत बसून होती. साईट दिवसा चालायची नाही, रात्री चालायची. दिवसाला साठ-साठ फॉर्म. साठ गुणिले चाळीस, चोवीसशे रुपये. तिचा त्या वेळचा रोज दोनशे तीस. त्या महिन्याचा पगार तेवढाच आला, वर रात्रीचा वडापाव. हे मालकाला सांगितलं तर तो म्हणेल मशीन माझी, आयडी माझा. बरोबर. बोटं कुणाची होती?

ती बोलली नाही. का बोलली नाही, तर तिला वाटलं आपण घरच्या आहोत. हा घरच्याचा डाव फार जुना आहे मित्रांनो. वाड्यावरचा सालगडी पण घरचाच असायचा. घरच्याला जेवायला वेगळं ताट असायचं एवढंच.

दुसरं उत्तर मालकांकडं तयार असतं: बाहेर दहा जण उभे आहेत. हे उत्तर खोटं नाही म्हणून जास्त बोचतं. तलाठी भरती २०२३ ला निघाली, जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. राखीवाला फी नऊशे रुपये. माझ्या बहिणीनं चार दिवसांची मजुरी घालून ती भरली. दाराबाहेर उभे आहेत ते हेच दहा लाख. पण मालकानं कधी त्या दहांतला एक आणून बसवून बघावा. जीएसटीचं पोर्टल शिकवायला सहा महिने, कुठल्या तलाठ्याच्या सजात कुठला गट नंबर हे कळायला वर्ष, आणि तोवर चुकलेल्या फॉर्मांच्या शिव्या कुणी खायच्या? पाच वर्षांत जे तिच्या डोक्यात साठलंय ते दारात उभ्या असलेल्याकडं नाही. पगार मागताना बोलायची गोष्ट ही आहे. घरातलं आजारपण, भावाचं लग्न, मायचे गुडघे, हे नाही. गरिबी सांगितली की समोरचा दाता होतो. काम सांगितलं की त्याला हिशेब करावा लागतो.

तिसरं उत्तर फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं. ‘तुमचं काय बाबा, तुमच्यात सवलती आहेत, तुला आज ना उद्या सरकारी लागेल.’ हे तिलाही ऐकवलंय, हसत हसत. म्हणजे घटनेनं दिलेली राखीव जागा, जी मिळालेली नाही, तिच्या नावावर आज हातातला पगार कापायचा. त्याच टेबलावर बसलेल्या भाच्याला हे ऐकावं लागत नाही. त्याला साडेनऊ आहेत. टायपिंग येत नाही.

कायद्याचं बोलू. कायदा म्हटलं की आपली पोरं जांभया देतात, पण हा कायदा आपल्या घरातला आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचं बिल एप्रिल १९४६ मध्ये त्यांच्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात आलं आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. कारखान्यातल्या आठवड्याच्या कामाचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीस केले, तेही त्यांच्याच खात्यानं, १९४६ मध्येच. माझी बहीण जेवणाचा अर्धा तास सोडून आठवड्याला सत्तावन्न तास बसते. ऐंशी वर्षं झाली.

तासांचं तिला मागता येईल का, हा घोळ आहे. महाराष्ट्राच्या दुकानांच्या २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांना बाहेर काढलं, आणि २०२५ साली सरकारनं तो आकडा वीसवर नेला. धंदा सुलभ व्हावा म्हणून. कुणाचा धंदा, हे विचारायचं नाही. पण किमान वेतनाला माणसं मोजावी लागत नाहीत. एक माणूस असला तरी ते लागू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा जुना कायदा जाऊन २०१९ ची वेतन संहिता आली. ह्या संहितांवर कामगार संघटनांचा राग आहे आणि तो रास्त आहे, संपाचं आणि कामावरनं काढण्याचं त्यांनी जे केलंय त्यावर वेगळं लिहायला पाहिजे. पण हातात आलेली काठी कुणी दिली हे बघत बसू नये. वेतन संहितेत किमान वेतन सगळ्याच नोकरदारांना आहे. पगाराची चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे. कमी दिलं तर तीन वर्षांपर्यंतचा दावा लावता येतो, आधी सहाच महिने होते. आणि पगार दिला की नाही हे शाबीत करायचं ओझं मालकावर आहे, पोरीवर नाही. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. हे सगळं नांदेडच्या कामगार आयुक्तांच्या कचेरीत मागायचं. हदगावहून साठ-पासष्ट किलोमीटर, एक दिवसाचा पगार आणि एसटीचं अर्धं तिकीट. बायांना अर्धं आहे, तेवढं बरं.

महाराष्ट्रात दुकानं आणि व्यापारी ऑफिसांसाठी दर ठरलेले असतात. कुशल, अर्धकुशल, अकुशल. गाव केवढं त्याप्रमाणं परिमंडळ. त्यावर विशेष भत्ता, जो महागाईच्या आकड्याप्रमाणं दर सहा महिन्यांनी बदलतो. हदगाव नगरपरिषदेचं गाव, महापालिका नाही, म्हणून दर मुंबईपेक्षा खाली. तरी तो साडेसहा हजारांच्या बराच वर आहे. बहिणीला मी विचारलं, तुझ्या ऑफिसात हे कुणाला माहीत आहे का? ती म्हणाली, दादा, लोकांचे कामगार कल्याणचे फॉर्म मीच भरते.

आता एक गोष्ट सांगतो जी बहुतेक कार्यकर्त्यांनाही माहीत नसते. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं. स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांना रोज सव्वानऊ रुपये ठरलेले होते. मधला जमादार एक रुपया काढून घ्यायचा, सव्वाआठ हातात द्यायचा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं काय म्हटलं? किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग आहे. माणूस आपणहून आला होता, सही केली होती, हे सांगून सुटता येत नाही, कारण भूक हीसुद्धा जबरदस्तीच आहे. एका रुपयासाठी. हे कलम २३ कुणी लिहिलं आणि वेठ म्हणजे काय हे त्याला कुठून माहीत होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे घटनेच्या भाषेत माझी बहीण एसीच्या गार वाऱ्यात बसून वेठ करते आहे. एसी केबिनीत आहे, पण वारा बाहेर येतो थोडा.

इथवर मी मालकाला झोडपलं. आता माझं.

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं आहे. कायम कामगार वेगळे, आम्ही वेगळे. एक काळ होता, म्हातारे मुकादम सांगतात, १९४८ च्या गोदी कामगारांच्या कायद्यानं रोजंदारीवर उभ्या असणाऱ्या माणसांना नोंदवून घेतलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. डिमेलोंच्या नावाचा रस्ता आहे इथं, पोरं त्यावरनं टॅक्सीनं जातात, तो माणूस कोण हे माहीत नाही. मग डबे आले, माल पलीकडं न्हावा-शेव्याला गेला, माणसं कमी झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये देशभरच्या गोदी कामगारांनी संपाची नोटीस दिली तेव्हा आदल्या दिवशी करार झाला, साडेआठ टक्के वाढ, २०२२ पासूनची. आम्हाला त्यातला एक पैसा नाही. आम्ही त्याच धक्क्यावर, तेच लोखंड उचलतो.

तर आमच्या टोळीतला एक जण ठेकेदाराला म्हणाला, त्यांचं वाढलं, आमचंही बघा. आम्ही अकरा जण मागं उभे होतो. बोलून जायचं ठरलं होतं. ठेकेदारानं विचारलं, आणखी कुणाचं काही म्हणणं आहे? मी बुटाकडं बघितलं. अकराही जणांनी बुटाकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा पास निघाला नाही. तो आता वडाळ्याला ट्रकवर क्लीनर आहे. त्या रात्री मी एक कविता लिहिली, मूठ, मशाल वगैरे त्यात होतं. ती छापून आली. लोकांनी वाहवा केली. मी ती त्याला दाखवली नाही.

म्हणून बहिणीवर चिडलो तो राग कुणाचा होता, हे मला दादर यायच्या आत कळलं होतं.

आणि आपलं? ह्या पानांचं? आपण अंक काढतो, वर्गणी गोळा करतो, कागदाच्या रिमचे पैसे उधार ठेवतो पण देतो. छापणाऱ्याला देतो, दिले नाहीत तर तो प्लेट चढवत नाही. आणि जो पोरगा रात्री बसून हा मजकूर टाईप करतो, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, आपल्या घाण अक्षरातल्या कविता लावतो, त्याला काय देतो? चहा. आणि ‘तू तर चळवळीतलाच आहेस.’ घरचाच. मी संपादकांना सांगितलंय की हा परिच्छेद काढला तर लेख देऊ नका. ह्या अंकापासून पानामागं दर ठरवा आणि तो शेवटच्या पानावर छापा, किंमत छापता तशी. तोही हेच वाक्य टाईप करतोय. त्यानं मागायची वाट बघू नका.

बहिणीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. फोनवर आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज केला, चार रात्री लागल्या. पहिल्या खर्ड्यात तिनं ‘कृपया’ तीनदा लिहिलं होतं. दोन काढले, एक राहू दिला, सभ्यता म्हणून. ‘घरची परिस्थिती हलाखीची’ हे वाक्य खोडलं. त्यावर ती अडली. म्हणाली, पण ती हाय की हलाखीची. म्हणलं, आहे, पण ती त्याला विकायची नाही. मग लिहिलं ते एवढंच: अमुक तारखेपासून मी कामाला आहे. ही ही कामं मी एकटी करते. गेल्या वर्षात इतके रिटर्न, इतके दाखले, इतके फॉर्म माझ्या हातून गेले. तिनं रजिस्टरवरनं मोजून आकडे काढले, तिलाच नवल वाटलं. शासनाचा आजचा दर इतका आहे, तो मला एक तारखेपासून मिळावा, बँकेत मिळावा आणि चिठ्ठीसह मिळावा. मागची बाकी किती निघते तो आकडाही लिहिला, त्याचं काय करायचं ते बसून बोलू असं लिहिलं. दोन प्रती. एकीवर पोच.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक विधवा बाई बसते, लिंगायत आहे, तिला साडेपाच. माझं म्हणणं होतं त्या बाईलाही घ्यायचं. बहीण म्हणाली, ती नाही येणार, भिती. मग दोन दिवसांनी म्हणाली, दादा, तिनं अर्ज वाचला. दोनदा वाचला. आन् विचारलं, ह्यात माझं नाव कुठं बसल?

दोघींनी मिळून सोमवारी दिला. सरांनी वाचला, चष्मा काढला, पोच म्हणून सही मागितल्यावर म्हणाले, हे काय कोर्ट हाय का? सही केली नाही. मग दोघी तिथंच उभ्या राहिल्या. बाहेर दाखल्यांची रांग लागली होती, प्रिंटर बंद, कुणी टेबलावर नाही. वीस मिनिटं उभ्या होत्या म्हणे. मग त्यांनी सही केली. वाढीचं काय ते एक तारखेला सांगतो म्हणाले.

आज अठ्ठावीस आहे. काल रात्री तिचा फोन आला तर हसत होती. म्हणाली, खुर्ची दिली बसायला, पैल्यांदाच.